रिसर्च आणि रिसोर्स

मराठी बोलण्यात रुळलेले, कानाला जवळजवळ सारखे वाटणारे दोन इंग्रजी शब्द. रिसर्च म्हणजे संशोधन : एखाद्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी, पद्धतशीरपणे शोधण्याचे काम. रिसोर्स म्हणजे साधन किंवा संपदा : गरज पडेल तेव्हा वापरता येईल असे जे काही हाताशी आहे ते, मग तो पैसा असो, पाणी असो, ग्रंथ असो की माणूस. रिसर्च करावा लागतो. रिसोर्स असतो किंवा नसतो.

व्युत्पत्ती : दोन्ही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले, पण त्यांची मुळे वेगळी. रिसर्चच्या मुळाशी 'फिरून फिरून धुंडाळणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे आणि त्याच्याही मागे वर्तुळवाचक 'सर्कस' हा शब्द. 'री म्हणजे पुन्हा, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा शोधणे' अशी फोड वर्गात अनेकदा सांगितली जाते. ती सोपी असली तरी नेमकी नाही. इथे हा उपसर्ग जोर दाखवतो, म्हणजे कसून शोधणे. रिसोर्समध्ये मात्र त्याचा अर्थ खरोखरच 'पुन्हा' असा आहे. त्याचे मूळ 'पुन्हा उठणे, वर येणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात असून जुन्या फ्रेंचमध्ये त्यावरून मदत, आधार असा अर्थ आला. उगम या अर्थाचा 'सोर्स' याच कुळातला. घोटाळा होत असेल तर शब्दांचे शेपूट पाहावे : एकात 'सर्च' आहे, दुसऱ्यात 'सोर्स'.

मराठी प्रतिशब्द : गंमत अशी की मराठीतही तसाच जोडा तयार झाला आहे, संशोधन आणि संसाधन. पहिल्यात 'शुध्' धातू आहे, दुसऱ्यात 'साध्'. शोधन म्हणजे मुळात शुद्ध करणे. सार ठेवून गाळ काढणे ही कल्पना मराठीने ज्ञानाच्या कामाला लावली आणि ती अतिशय चपखल बसली. हिंदीत मात्र संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपली ७३वी घटनादुरुस्ती हिंदीत 'संविधान संशोधन' होते आणि इस्रोच्या मराठी नावातल्या 'संशोधन' शब्दाच्या जागी हिंदीत 'अनुसंधान' येतो. हिंदी मजकुराचे मराठी करताना इथे हमखास ठेच लागते.

साधन आणि संशोधन यांचे नाते पाहायचे तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. गावोगाव हिंडून, लोकांच्या घरांतली जुनी दप्तरे उघडून त्यांनी कागद मिळवले आणि १८९८ पासून ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २२ खंडांच्या या मालेचे नावच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. पत्रे, सनदा, यादी हे सारे रिसोर्स. ते वाचून, ताडून, कालक्रम लावून त्यांनी लिहिलेल्या प्रदीर्घ प्रस्तावना हा रिसर्च. पुण्यात १९१० मध्ये त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या, नावात मात्र दुसरा शब्द आहे. पुस्तकाला साधने आणि संस्थेला संशोधक, ही निवड अचूक म्हणावी लागेल. कागद जमा झाले म्हणजे इतिहास कळला असे होत नाही. पण कागदच नसतील तर कितीही बुद्धी असून उपयोग नाही. पुढच्या अभ्यासकासाठी राजवाड्यांच्या प्रस्तावनाही साधनच ठरतात, म्हणजे एकाचा रिसर्च दुसऱ्याचा रिसोर्स होतो.

आज ही रेघ पुसट होताना दिसते आणि ते काळजीचे आहे. इंटरनेटवरून दहा लेख उतरवून घेतले की 'रिसर्च केला' असे विद्यार्थी म्हणतात. तेवढ्याने रिसोर्स गोळा झालेले असतात. प्रश्न ठरवणे, पुरावा तपासणे, विरुद्ध जाणारी माहितीही हिशेबात घेणे हे काम तिथून पुढे सुरू होते.

वापर : इंग्रजीत रिसर्च सहसा एकवचनीच ठेवतात, रिसोर्सचे 'रिसोर्सेस' हे अनेकवचन सर्रास चालते. रिसर्च करणारा तो रिसर्चर. 'रिसोर्सफुल' माणूस म्हणजे पुष्कळ साधने असलेला नव्हे, तर आहे त्यातून वाट काढणारा, हिकमती.

रिसोर्सला मराठीत एकच शब्द पुरत नाही आणि पुरू नये. पाण्याबाबत जलसंपदा, निसर्गाबाबत साधनसंपत्ती असे शब्द रूढ आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना गटसाधन केंद्र आणि तिथली साधनव्यक्ती परिचयाची असते. 'आर अँड डी'मधला आर रिसर्चचा, 'एचआर'मधला रिसोर्सचा. माणसांबाबत मराठीने 'मनुष्यबळ' हा शब्द स्वीकारला, त्यात माणूस साहित्याच्या यादीत जाऊन बसत नाही. १९८५ मध्ये केंद्रात मानव संसाधन विकास मंत्रालय स्थापन झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याला मनुष्यबळ विकास मंत्रालय म्हटले. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले.