युवा आरोग्यस्थितीचे मापन

लोकसंख्येतील तरुण वयोगटाचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य ठरावीक निर्देशकांनी मोजण्याची पद्धती. या वयात मृत्यू तुलनेने कमी होतात आणि आजारपणाचा बराच भाग दवाखान्याच्या नोंदवहीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे मृत्युदरापेक्षा उंची, वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, व्यसने व मनःस्वास्थ्य यांच्या पाहणीवर भर द्यावा लागतो.

‘तरुण’ कोणाला म्हणावे याविषयी एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय, १५ ते २४ हे युवावय आणि दोन्ही मिळून १० ते २४ हा तरुण गट मानते; भारताच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ ही मर्यादा आहे, तर २००३ च्या धोरणात ती १३ ते ३५ होती. आरोग्याच्या दृष्टीने १० ते २४ हा गट अधिक उपयुक्त वाटतो, कारण वयात येण्याचा काळ त्यात पूर्ण सामावतो.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना साधारणपणे १८३० च्या दशकात बेल्जियन गणिती अडॉल्फ केतले याने मांडली. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मात्र ॲन्सेल कीज याने १९७२ मध्ये रूढ केले. प्रौढांत १८.५ च्या खाली असलेली व्यक्ती कृश धरतात; वाढत्या वयात हा आकडा लागू पडत नाही. १९ वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या वयानुरूप तक्त्यातील मध्यापासून दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरले आहेत याचे माप) खाली असणे म्हणजे कृशता धरतात. हा तक्ता संपून प्रौढांचा आकडा लागू होतो, तेथे कृशांचे प्रमाण केवळ मोजपट्टी बदलल्याने सरकू शकते, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सर्वाधिक मतभेद रक्तक्षयाच्या, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असण्याच्या, मोजणीत आहेत. २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या ५४.१ टक्के मुली रक्तक्षयी होत्या, २०१९–२१ मध्ये ५९.१ टक्के, तर २०१६–१८ च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींत हेच प्रमाण ४० टक्के आले. वयोगटातील फरक लक्षात घेतला तरी तफावतीचे एक कारण रक्त घेण्याच्या रीतीत असावे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या या दोन्ही फेऱ्यांत बोटाला टोचून थेंब घेतला होता. सुरुवातीचे थेंब पुसून टाकायचे असतात, आणि रक्त येईना म्हणून बोट दाबून पिळले तर ऊतींतला द्रव मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. पोषण सर्वेक्षणात नीलेतून (शिरेतून) रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले होते. नीलेतील रक्ताचे मापन अधिक भरवशाचे मानावे, असा कल आहे.

कोकण किनाऱ्यावर अडचण वेगळीच आहे : मोजायचे तरुण गावात नसतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि २००१ च्या तुलनेत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेली माणसेच मोजमापासाठी पात्र धरतात. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला घरी आला असता पाहणी झाली, तर तो वाडीच्या आकड्यात येतो. पंधरा दिवसांनी आलेल्या पथकाला त्याच घरात आई आणि धाकटी बहीण भेटते. शिवाय २०१९–२१ च्या फेरीत स्त्रियांच्या रक्तक्षयाचे आकडे जिल्हानिहाय मिळाले, पुरुषांचे राज्यापुरतेच. म्हणजे एकाच घरातील सतरा वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या चित्रात होती, तिचा भाऊ नव्हता.

मच्छीमार बंदरांत हाच प्रश्न ऋतूनुसार येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेवढे दोन महिने तरुण खलाशी घरी सापडतो. त्या काळातले त्याचे वजन व रक्तदाब हे विश्रांतीतले असतात, बोटीवरच्या दिवसांतले नव्हेत.

शाळकरी मुलांची तपासणी २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठराव्या वर्षापर्यंत होते. बारावीनंतर शाळा सुटली की ही साखळी तुटते.