तुमची मेथड मेनूत का दिसत नाही?

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला स्वतःचे रिपोर्ट जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

तुम्ही जावामध्ये क्लास लिहिता, जार फाइल प्लगिन फोल्डरमध्ये टाकता आणि रिपोर्टचा मेनू आपोआप तयार होतो. मेथडची, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनची, यादी तुम्ही कुठेच भरून देत नाही. ती आमचा प्रोग्राम चालू असतानाच रिफ्लेक्शनने, म्हणजे क्लासमध्ये काय काय आहे हे क्लासलाच विचारून, काढतो. जावात ही सोय १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून आहे.

क्लास लोड झाला की आम्ही त्यावर 'गेटमेथड्स' चालवतो. त्यातून फक्त पब्लिक मेथड मिळतात, पण वरच्या क्लासकडून आलेल्याही मिळतात. टूस्ट्रिंग, हॅशकोड, वेट वगैरे सगळ्या. त्या मेनूत नकोत, म्हणून ज्या मेथडवर आमचं 'रिपोर्ट' ॲनोटेशन (मेथडच्या वर '@' लावून लिहायची खूण) आहे तेवढ्याच आम्ही घेतो.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. समजा, मूळ क्लासमधल्या 'मासिकविक्री' मेथडवर ॲनोटेशन आहे आणि तुम्ही तीच मेथड उपक्लासमध्ये ओव्हरराइड केली, म्हणजे नव्याने लिहिली. मेथडवरचं ॲनोटेशन खाली उतरत नाही, त्यामुळे रिपोर्ट मेनूतून गायब होतो. कंपायलर याबद्दल अवाक्षर काढत नाही. नव्या मेथडवर ॲनोटेशन पुन्हा लिहा. क्लासही पब्लिक ठेवा, नाहीतर मेथड यादीत दिसेल पण चालवताना एरर येईल.

फॉर्मवर 'पासूनतारीख'ऐवजी 'आर्ग०', 'आर्ग१' दिसतंय? पॅरामीटरची नावं क्लास फाइलमध्ये उतरलेलीच नाहीत. जावा ८ किंवा पुढच्या आवृत्तीत कंपाइल करताना 'पॅरामीटर्स' हा पर्याय लावा.

रिफ्लेक्शनने येणाऱ्या मेथडचा क्रम ठरलेला नसतो. आज वर दिसणारा रिपोर्ट उद्या खाली जाऊ शकतो. क्रम महत्त्वाचा असेल तर ॲनोटेशनमध्ये 'क्रमांक' द्या.

लॉगमध्ये 'इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शन' आलं तर ते नुसतं वेष्टन समजा. तुमच्या मेथडमधली खरी चूक त्याखाली 'कॉज्ड बाय'च्या ओळीत असते. आम्हाला लॉग पाठवताना ती ओळ कापू नका.

काही ग्राहक विचारतात, आमच्या प्रायव्हेट मेथडही तुम्ही बघता का? 'गेटडिक्लेअर्डमेथड्स'ने त्या बघता येतात आणि 'सेटॲक्सेसिबल'ने अनेकदा चालवताही येतात. आम्ही हे दोन्ही वापरत नाही. तुम्ही प्रायव्हेट ठेवलेला कोड उद्या बदलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी आम्हाला विचारावं लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.