सांधा कुठे ठेवायचा?

अमेरिकेत एकेकाळी घरातला फोन, भिंतीतली तार आणि पलीकडचं एक्सचेंज बहुतेक ठिकाणी एकाच कंपनीचं असे, एटी अँड टीचं. फोनला परकी वस्तू लावायला बंदी होती. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी होती; फोनच्या बोलण्याच्या टोकाला बसवली की शेजारच्याला बोलणं ऐकू जात नसे. तिच्यात ना वीज, ना तार. तरी तिच्या परवानगीसाठी न्यायालयात जावं लागलं. निकाल १९५६ मध्ये लागला.

त्यानंतर आला टेक्ससच्या टॉम कार्टर यांचा कार्टरफोन. रिसीव्हर त्यावर ठेवला की आवाज रेडिओवरून दूर रानात काम करणाऱ्या माणसापर्यंत जाई. १९६८ मध्ये सरकारी दूरसंचार आयोगाने त्याला परवानगी दिली. पुढे मोडेम, फॅक्स, आन्सरिंग मशीन यांना वाट मोकळी झाली ती याच निर्णयामुळे.

कंपनीची भीती अगदीच खोटी नव्हती. सदोष यंत्राने लाइनवर जादा व्होल्टेज सोडलं, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. त्यावर उपाय निघाला तो सांध्यावर, म्हणजे यंत्र आणि लाइन जिथे जुळतात तिथे. प्लग कसा असावा, त्यातून किती वीज जावी हे ठरवून दिलं; त्या मर्यादेत बसणारं यंत्र कोणीही बनवावं. मला हा तोडगा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात बनवणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही.

आजच्या बहुतेक मेसेजिंग ॲपांना असा सांधा नाही. १० माणसांत ४५ जोड्या होतात, १०० माणसांत ४,९५०. ॲपची खरी किंमत या जोड्यांत असते, म्हणून दुसरं ॲप कितीही चांगलं असलं तरी माणसं हलत नाहीत. ई-मेलमध्ये असं अडकणं नाही, कारण एसएमटीपी हा पत्रं पोचवण्याचा नियम १९८२ पासून सर्वांसाठी खुला आहे.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या बलाढ्य सेवांना, प्रतिस्पर्ध्याने मागितल्यास, जोडणी देणं बंधनकारक केलं. माझ्या मते हे योग्यच आहे. मात्र इथला सांधा टेलिफोनच्या प्लगपेक्षा कितीतरी नाजूक आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. दोन ॲपांची कुलपं वेगळी असली, तर मधल्या दुभाष्याला संदेश उघडून पुन्हा बंद करावा लागेल, आणि मग गोपनीयता संपलीच. म्हणून दोन्ही टोकांना एकच कुलूप हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं एमएलएस हे संदेश कुलूपबंद करण्याचं मानक त्याच दिशेचं आहे. त्यात गटाच्या किल्ल्या झाडाच्या फांद्यांसारख्या रचतात. हजार जणांच्या गटात एकाची किल्ली बदलली, तर सहसा दहाएक पायऱ्यांत काम भागतं.

कुलूप जुळलं तरी कोण कोणाशी कधी बोललं याची नोंद मात्र दोन्ही कंपन्यांच्या सर्व्हरांना दिसू शकते. याच कारणाने सिग्नल या छोट्या मेसेजिंग ॲपने व्हॉट्सॲपशी जोडून घ्यायला नकार दिला. छोट्या सेवेला नकाराचा हा हक्क असायलाच हवा. सक्ती फक्त बलाढ्यांवर.

शिवाय संदेश पोचवणारा सांधा वेगळा आणि माहिती उपसणारा वेगळा. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरचं ॲप घेतलं होतं सुमारे २ लाख ७० हजार जणांनी, पण मित्रांच्या परवानगीच्या वाटेने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. तिसऱ्याची माहिती देण्याचा अधिकार माझ्या मित्राला नसतो, आणि कुठल्याही जोडणीच्या नियमात हे पहिल्या पानावर हवं.

युरोपच्या कायद्यात आधी दोघांमधले मजकूर, फोटो आणि फाइली आहेत, मग गट. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलना सप्टेंबर २०२७ पर्यंतची मुदत आहे.