अपुरा कनानविजय

कनान देशात (साधारण आजचा इस्राएल-पॅलेस्टाईन) शिरलेल्या इस्राएलाच्या वंशांनी तेथील मूळ रहिवाशांना पुरते हुसकावले नाही आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, अशी हिब्रू बायबलमधील परंपरा. तिची मुख्य नोंद ‘शास्ते’ या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. त्याआधीच्या ‘यहोशवा’ ग्रंथात मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने सगळा देश घेतला असे एकीकडे म्हटले आहे (११:२३). दोनच अध्यायांनंतर तो म्हातारा झाला आणि पुष्कळ मुलूख घ्यायचा राहिला, असेही (१३:१). शास्ते ग्रंथात या राहिलेल्या मुलखाची यादीच दिली आहे.

देवाची मूळ आज्ञा कठोर होती. कनानातील लोकांशी करार नाही, सोयरीक नाही. त्यांच्या वेद्या मोडायच्या आणि ती नगरे ‘हेरेम’ करायची. हेरेम म्हणजे देवाला वाहून टाकलेले, म्हणून माणसाच्या उपभोगाबाहेरचे. प्रत्यक्षात सरसकट संहार. आपल्या ओळखीचा ‘हराम’ हा शब्द याच सेमिटिक (हिब्रू-अरबी कुळातल्या) धातूचा. ही कल्पना एकट्या इस्राएलाची नव्हती. इ. स. पू. नवव्या शतकातील शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा याच्या शिलालेखात त्याने नबो येथील सात हजार इस्राएली लोक आपल्या देवासाठी असेच मारल्याची फुशारकी आहे.

शास्ते ग्रंथातील यादी वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे. यहूदा वंशाने डोंगराळ भाग घेतला, पण मैदानातल्या लोकांकडे लोखंडी रथ होते म्हणून त्यांना घालवता आले नाही (१:१९). हे सरळ लष्करी कारण झाले. यरुशलेमच्या यबूसी लोकांबाबत यहोशवा ग्रंथ म्हणतो, यहूदाला त्यांना घालवता ‘आले नाही’ (१५:६३). शास्ते ग्रंथात मात्र बन्यामीन वंशाने त्यांना ‘घालवले नाही’ (१:२१). असमर्थता येथे कसुरीत बदलते. मनश्शे वंशाच्या वाट्याची बेथ-शान, तानख, मगिद्दो ही मैदानी नगरे तशीच राहिली. पुढे बळ आल्यावरही इस्राएलाने कनानी लोकांना हाकलले नाही, वेठबिगारीला जुंपले. यादी जसजशी उत्तरेकडे सरकते तसे पारडे फिरते: आधी कनानी लोक इस्राएलामध्ये राहतात, मग आशेर आणि नफताली हे वंशच कनानी लोकांमध्ये राहतात आणि शेवटी दान वंशाला अमोरी लोक डोंगरात रेटतात.

दुसऱ्या अध्यायात देवदूत निवाडा सुनावतो: उरलेले लोक तुमच्या कुशीतले काटे होतील, त्यांची दैवते तुमच्यासाठी फास ठरतील. लोक रडले, म्हणून त्या जागेचे नाव बोखीम, म्हणजे रडणारे. पण बायबल या एकाच कारणावर थांबत नाही. नव्या पिढीला युद्ध शिकवण्यासाठी ही राष्ट्रे ठेवली, असे शास्ते ३:२ मध्ये आहे. देश ओस पडून श्वापदे माजू नयेत म्हणून त्यांना हळूहळू घालवीन, असे निर्गम २३:२९ मध्ये. इतकी कारणे द्यावी लागली, यावरूनच हा प्रश्न किती सलत होता ते कळते. शौल राजाची कथा (१ शमुवेल १५) याच सूत्रावर आहे: अमालेक या शत्रू लोकांना हेरेम करण्याची आज्ञा असताना त्याने त्यांचा राजा अगाग आणि उत्तम गुरेमेंढरे राखली, यज्ञासाठी म्हणून, आणि राज्य गमावले.

अनेक अभ्यासकांच्या मते या ग्रंथांवर शेवटचा हात इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांत, म्हणजे यहूदाचे राज्य बुडण्याच्या आसपास फिरला. पराभवाचा अर्थ लावणाऱ्यांनी जुन्या यादीत दोष शोधला असणार. उत्खननेही झटपट विजयाच्या वर्णनापेक्षा यादीच्या जवळ जातात. यहोशवाने जिंकून जाळल्याचे सांगितलेले आय नगर मानल्या जाणाऱ्या एत-तेल येथे त्या काळी वस्तीच नव्हती. त्याच वर्णनातले हासोर नगर मात्र इ. स. पू. तेराव्या शतकात जळाले. मध्यवर्ती डोंगरांत बाराव्या-अकराव्या शतकांत शेकडो लहान खेडी उभी राहिली, तर मैदानातली कनानी नगरे बराच काळ टिकली.

यादीतले गेजेर नगर एफ्राईम वंशाला कधीच मिळाले नाही. ते पुढे मिसरच्या फारोने जाळले आणि इस्राएलाचा राजा शलमोन याला दिलेल्या मुलीबरोबर आंदण म्हणून दिले (१ राजे ९:१६).