तांब्यातलं पाणी आणि बॉक्सरचं डोकं

परवा भाचीला सोडायला एका बॉक्सिंग क्लासला गेलो होतो. कोच मोठा उत्साही. दोन्ही हातांत पॅड घेऊन पोरांकडून असे फटाफट ठोसे मारून घेत होता की भिंतीला टेकलेले पालक मोबाइल काढून रील करत होते. मग त्याने दोन मुलांना हेडगार्ड चढवली आणि एकमेकांवर सोडलं. त्यातल्या एकाच्या आईने जरा घाबरत विचारलं, तर म्हणाला, "टेन्शन नको ताई, हेडगार्ड आहे ना. मेंदूला काही होत नाही."

बॉक्सिंगबद्दलचा हा सर्वांत लाडका गैरसमज. तो घरच्या घरी तपासता येतो.

तांब्यात पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा. आता तांब्या जागच्या जागी झटकन फिरवा. तांब्या फिरला, पण मधली हळद जवळजवळ होती तिथेच राहिली. कवटी आणि मेंदू यांचंही असंच होतं. फक्त मेंदू पाण्यासारखा पातळ नाही, तो मऊ खरवसासारखा आहे. डबा काठोकाठ खरवसाने भरून झाकण लावलं आणि सरळ पुढे ढकलला, तर आतला खरवस डब्याबरोबर जातो. तोच डबा झटक्यात फिरवला, की कडेचा खरवस डब्याबरोबर वळतो, मधला मागे रेंगाळतो आणि दोघांच्या मध्ये तडे जातात.

ऑक्सफर्डच्या होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1943 मध्ये नेमकं हेच मांडलं. त्याने खरवसाऐवजी जिलेटिनचा मेंदू वापरला, एवढाच फरक. त्याचा मुद्दा साधा होता. मेंदूत बहुतांश पाणी असतं, त्यामुळे तो दाबला जाणं अवघड. पण त्याचे थर एकमेकांवरून घसरणं फार सोपं. पत्त्यांचा कॅट तळहातांत कितीही दाबा, काही होत नाही. बाजूने टिचकी मारली की पसरतो.

म्हणूनच बॉक्सिंगमध्ये हनुवटीला एवढं महत्त्व. दाराची कडी बिजागरीपासून लांब असते, म्हणून दार एका बोटाने फिरतं. हनुवटी ही डोक्याची कडी आणि मान ही बिजागरी. हनुवटीवर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की डोकं गर्रकन वळतं. 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला. सुरुवात झाल्यापासून 0.1 सेकंदात मूठ लक्ष्यावर, आदळतानाचा वेग सेकंदाला 8.9 मीटर, बल सुमारे 4,100 न्यूटन. डोक्याच्या जागी टांगलेल्या वस्तुमानाला मिळालेलं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 53 पट. संशोधकांनीच दिलेली तुलना अशी : 6 किलोचा, गादी गुंडाळलेला लाकडी हातोडा ताशी 32 किलोमीटर वेगाने डोक्यात बसावा, तसा हा ठोसा.

हेडगार्ड काय करतं? भुवया फुटण्यापासून वाचवतं, सरळ धक्का थोडा बोथट करतं. पण डोक्याचं गर्रकन वळणं ते फारसं अडवू शकत नाही. डोक्याचा घेर मात्र वाढवतं आणि बाजूची नजर झाकतं. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून 2013 साली हेडगार्ड काढलं गेलं आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले, त्यामागे हाही युक्तिवाद होता. निर्णयावर वाद आहेत, भुवया फुटण्याचं प्रमाण वाढलंच. पण "हेडगार्ड आहे, म्हणजे मेंदू सुरक्षित" असं कुणी जाणकार म्हणत नाही.

आता तडे जातात म्हणजे नक्की काय होतं? मज्जापेशीचा अक्षतंतू लांब, बारीक धागा असतो. त्याचा स्वभाव चिक्कीच्या गरम पाकासारखा : हळू ओढला तर ताणतो, हिसडा दिला तर तुटतो. तुटला नाही तरी त्याच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला, ताण बसतो आणि त्यातली आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, दारं भलत्या वेळी उघडतात. सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, पोटॅशियम बाहेर पळतं. प्रत्येक पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो हे आयन परत आपापल्या जागी नेऊ लागतो आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. एटीपीसाठी ग्लुकोज हवं, पण नेमका याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. वर आत शिरलेलं कॅल्शियम मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरातच, साठून तिथलं काम मंदावतं. उन्हाळ्यात सगळ्या गावाने एकदम मोटारी लावाव्यात आणि तेव्हाच भारनियमन सुरू व्हावं, तशी गत. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये हा ऊर्जेचा दुष्काळ आठवडा-दहा दिवस टिकलेला दिसला आहे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) या काळात साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. मुलगा "मी ठीक आहे सर" म्हणतो आणि त्याला तसं खरंच वाटतही असतं.

याच दिवसांत दुसरा मार बसला, तर त्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून कितीतरी जास्त असू शकते. म्हणून आजच्या चांगल्या प्रशिक्षकाचं पहिलं हत्यार, माझ्या मते, पॅड नव्हे, वही. कोण कधी स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उतरला, किती फेऱ्या, कुणाला डोक्यावर जोराचा बसला, कोण दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाला. मेंदूला मार लागतो तो लढतीत कमी आणि सरावात जास्त, कारण लढती वर्षातून मोजक्या असतात आणि सराव रोजचा.

आपल्याकडे फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. बॉक्सिंगच्या कोपऱ्यातही एके काळी भोवंडलेल्या बॉक्सरच्या नाकाशी अमोनियाची कुपी धरत. तो दचकून डोळे उघडायचा आणि लोकांना वाटायचं, शुद्धीवर आला! मेंदू होता तसाच असे, लक्षणं तेवढी झाकली जात. बॉक्सिंगमध्ये आज त्या कुपीला बंदी आहे. चपलेवर बंदी कधी येते पाहू.

प्रशिक्षकाचं दुसरं काम मानेचं. ठोसा येतोय हे कळलं, तर बॉक्सर हनुवटी छातीकडे ओढतो, मानेचे स्नायू आवळतो. मग डोकं एकटं राहत नाही, धडाशी जोडलं जातं. बल तेवढंच, वस्तुमान मोठं, म्हणून त्वरण कमी. न्यूटनचा दुसरा नियम, नववीतला. पण ठोशाला 0.1 सेकंद पुरतो आणि डोळ्याने पाहून हलायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे मूठ पाहून वाचता येत नाही. खांदा, कंबर, पुढच्या पायावर सरकलेला भार वाचावा लागतो. हे वाचन शिकवणारा तो कोच. पाठ केलेल्या क्रमाने पॅडवर टाळ्या वाजवून घेणारा नव्हे. न दिसलेला ठोसाच माणसाला झोपवतो, असं जुने बॉक्सर म्हणतात, ते याचमुळे.

1 ऑक्टोबर 1975 रोजी फिलिपिन्समधल्या मनिलाजवळ मुहम्मद अली आणि जो फ्रेझर या हेवीवेट बॉक्सरांची तिसरी लढत झाली. उकाडा असह्य होता. फ्रेझरची डाव्या डोळ्याची नजर आधीच अधू होती, त्यात मार खाऊन उजवा डोळा सुजून मिटत आला होता. अलीचा उजव्या हाताचा ठोसा त्याला दिसतच नव्हता, म्हणजे मानेला इशाराच मिळत नव्हता. चौदावी फेरी संपली, एकच उरली होती. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवायचं ठरवलं. फ्रेझर उठू पाहत होता. फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बस बाळा, संपलं. आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही. फच यांनी त्याआधी रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. अक्षतंतूंवरचे ते सगळे प्रयोग अजून व्हायचे होते. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की आपल्या माणसाला ठोसे दिसत नाहीत.

पुढच्या शनिवारी भाचीला सोडायला मीच जाणार आहे. त्या कोचला विचारायचंय : आठवड्यातून स्पारिंग किती वेळा, आणि वही आहे का?