पत्त्याचे पुढचे अंक गळाले तर

‘सेगमेंटेशन फॉल्ट.’ पडद्यावर एवढंच उमटतं आणि चालता प्रोग्रॅम जागीच बंद पडतो. एरवी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चूक झाली की कोणत्या ओळीत काय बिघडलं ते नीट सांगते. इथे ती अवाक्षर काढत नाही, कारण तिला बोलायची संधीच मिळत नाही. प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने तिलाच बंद केलेलं असतं.

पायथॉनमधून सी भाषेतलं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, बोलावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. दोन भाषा जोडायचं कारण साधं आहे: पायथॉन लिहायला सोपी, सी धावायला वेगवान. पण मेमरी सांभाळायची दोघींची रीत वेगळी. एखादी वस्तू कितीजण वापरताहेत हे पायथॉन मोजत राहते आणि मोजणी शून्यावर आली की जागा मोकळी करते. सीमध्ये जागा मागायची तीही आपण आणि परत करायची तीही आपणच.

पायथॉन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, या जोडणीसाठी ‘सीटाइप्स’ हे साधन भाषेसोबतच मिळतं. त्यातली एक खोच मला फार महत्त्वाची वाटते. सीचं फंक्शन काय परत देणार हे आपण सांगितलं नाही, तर सीटाइप्स ते साधा पूर्णांक, म्हणजे ‘इंट’, धरून चालतं. इंट ३२ बिटांचा. आजच्या संगणकावर मेमरीतला पत्ता ६४ बिटांचा. मग पत्त्याचा पुढचा अर्धा भाग गळून पडतो.

समजा सीने पत्ता दिला १४०२३४५६७८९०१२८. त्याला ४,२९,४९,६७,२९६ ने, म्हणजे २ च्या ३२व्या घाताने, भागून उरलेली बाकी तेवढी पायथॉनपर्यंत पोचते. इंटचा पहिला बिट ऋणचिन्हासाठी राखलेला असल्यामुळे ती दिसते -४०९२९१५६८ अशी. ऋण पत्ता! तो परत सीच्या हाती दिला की सी त्या जागेवर वाचायला जाते, तिथे आपल्या मालकीचं काही नसतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून दोन्ही बाजूंनी पत्ता छापून बघणं ही माझ्या मते पहिली तपासणी. दोन आकडे जुळले नाहीत, तर परतीचा प्रकार ‘पॉइंटर’, म्हणजे मेमरीतला पत्ता, आहे असं जाहीर करणारी एक ओळ पुरते. पत्ता मुळातच लहान असेल तर मात्र काहीच गळत नाही. त्यामुळे तोच प्रोग्रॅम एका संगणकावर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर आपटतो.

दुसरी चूक मालकीची. एका पतपेढीत ठेव ठेवून दुसरीच्या खिडकीवर पैसे मागावेत, तसं एका लायब्ररीने, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाने, घेतलेली जागा भलत्याच लायब्ररीच्या ‘फ्री’ या जागा परत करणाऱ्या फंक्शनने सोडली जाते. विंडोजवर सी रनटाइमच्या, म्हणजे सीचे प्रोग्रॅम चालताना वापरतात त्या मूळ लायब्ररीच्या, वेगवेगळ्या प्रतींचे मेमरीचे साठे वेगळे असू शकतात, तिथे हे विशेष घडतं. यात फसवं असं की मेमरीच्या हिशेबाची वही आत्ता बिघडते आणि प्रोग्रॅम पडतो कितीतरी नंतर, एखाद्या निरपराध ओळीवर. तिथे शोधत बसणं व्यर्थ.

अशा वेळी पायथॉनमधलं ‘फॉल्टहँडलर’ चालू करावं, म्हणजे पडण्याच्या क्षणी पायथॉनची कोणती ओळ चालू होती ते कळतं. सीचा भाग ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ लावून पुन्हा कंपाइल केला, तर सोडलेल्या जागेला कुणी हात लावताच तो प्रोग्रॅमला तिथेच थांबवतो आणि ती जागा कुठे घेतली, कुठे सोडली हेही दाखवतो.

तिसरी चूक सगळ्यांत चकवणारी. पायथॉनचं फंक्शन सीला ‘कॉलबॅक’ म्हणून, म्हणजे सीने पुढे स्वतः बोलवावं म्हणून, द्यायचं, तर सीटाइप्स त्याभोवती एक वेष्टण तयार करतं. हे वेष्टण सीचं फंक्शन बोलावतानाच्या कंसात जागच्या जागी बनवलं, तर ती ओळ संपताच पायथॉनच्या मोजणीने ते कुणालाच नको असतं, म्हणून ती ते मोडून टाकते. सीकडे मात्र त्याचा पत्ता जपून ठेवलेला असतो आणि पुढे कधीतरी ती त्या पत्त्यावर जाते. तेच वेष्टण आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि सीचं काम संपेपर्यंत ते व्हेरिएबल जिवंत राहिलं, की मोजणी शून्यावर येत नाही.