पाळकाविरुद्धची तक्रार बिशपकडे? प्रेस्बिटेरियन मंडळीत नाही

गोव्यात चर्च म्हटलं की कॅथलिक रचनाच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरांतही एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पाळकसाहेबांबद्दल, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूबद्दल, तक्रार असेल तर बिशपकडे जा, नाहीतर गप्प बसा. प्रेस्बिटेरियन ही प्रोटेस्टंट परंपरा; त्या मंडळीपुरतं हे साफ चूक आहे. तिथे बिशपच नसतो. (सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, वेगळं: १९७० साली अनेक चर्च एकत्र येऊन उभ्या राहिलेल्या त्या चर्चमध्ये बिशप आहेत.)

मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक मिळून सेशन, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी सभा, होते. सभासदांमधले वाद तिथे जातात. पाळक मात्र सेशनला नाही, प्रेस्बिटरीला, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळक-वडिलांच्या सभेला, जबाबदार असतो. म्हणून त्याच्याविरुद्धची तक्रार थेट प्रेस्बिटरीकडे, आणि निकाल मान्य नसेल तर अपील वरच्या सभेकडे.

तक्रार लेखी द्या. ‘पाळक मनमानी करतात’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या रविवारी, उपासनेनंतर, कोणासमोर काय घडलं ते लिहा, सही करा आणि प्रेस्बिटरीच्या क्लार्ककडून (सचिवाकडून) पोच घ्याच.

बायबलमधलं मत्तय १८:१५ दाखवून ‘आधी त्याला एकट्याने भेटा’ असं सांगितलं जातं. रुसवेफुगवे, अपमान, उसनवारी यांसाठी ते योग्यच. पण लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाला त्या माणसासमोर बसवणं क्रूरपणा आहे. तिथे पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) चं कलम १९ लागू होतं: ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवायचं, सेशनच्या बैठकीची वाट पाहायची नाही.